मूळ स्वीडिश की हॉलिवुडचा रिमेक: आईला आधी कोणता दाखवू?

कृष्णाकाठ

माझी आई ६८ वर्षांची आहे, सांगलीत राहते, निवृत्त शिक्षिका आहे आणि तिथल्या वाचनालयातले रहस्यकथांचे कपाट तिने दोनदा तरी संपवले आहे. गेल्या महिन्यात ती पुण्याला माझ्याकडे आली, तेव्हा एका रात्री मी डेव्हिड फिंचरचा 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' पुन्हा पाहत होतो. मागे उभी राहून तिने पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, "हा म्हातारा एक फूल बघून एवढा का कळवळतो आहे?" मी सांगितले, की या उद्योगपतीला दर वाढदिवसाला चौकटीत बसवलेले एक वाळवलेले फूल टपालाने येते, पूर्वी असे फूल त्याला घरातली एक मुलगी देत असे, आणि ती मुलगी ४० वर्षांपूर्वी नाहीशी झाली आहे. "मग मला पहिल्यापासून दाखव," असे म्हणून तिने खुर्ची ओढली.

मी चित्रपट तिथेच थांबवला. माझ्याकडे २००९ सालचा मूळ स्वीडिश चित्रपटही आहे आणि आधी कोणता दाखवावा हे मला ठरवता येईना, म्हणून हा धागा.

अमेरिकेत असे रिमेक निघतात त्याचे एक कारण उघड आहे: तिथला बहुसंख्य प्रेक्षक पडद्याखालची अक्षरे वाचायला राजी नसतो. आपले तसे नाही. मी स्वीडिश चित्रपट इंग्रजी सबटायटल्स लावून पाहतो आणि अमेरिकन चित्रपटही तसाच पाहतो, कारण पुटपुटलेले इंग्रजी निम्मे डोक्यावरून जाते. आईला तर दोन्ही वेळा मीच शेजारी बसून मराठीत सांगणार. म्हणजे ज्या अडचणीवर रिमेक हा तोडगा काढलेला आहे, ती अडचण आमच्या घरी दोन्हीकडे सारखीच राहते. मग चित्रपट म्हणून सरस कोणता, एवढाच प्रश्न उरतो.

माझे मत मूळ चित्रपटांच्या बाजूने आहे. हॉलिवुडला गप्प बसवत नाही, असे मला वाटते. तोमास आल्फ्रेडसनचा २००८ सालचा 'लेट द राइट वन इन' हा एका एकाकी मुलाचा आणि पिशाच्च मुलीचा स्वीडिश चित्रपट घ्या. अंधारातून पडणारा बर्फ, मग खिडकीच्या काचेत एका एकाकी मुलाचे प्रतिबिंब, आणि हातात चाकू घेऊन त्याने कोणा अदृश्य शत्रूला दिलेली धमकी, एवढ्यावर तो सुरू होतो. त्याचा रिमेक, मॅट रीव्हजचा २०१० सालचा 'लेट मी इन', सुरू होतो तो रुग्णवाहिकेच्या दिव्यांनी आणि इस्पितळातल्या धावपळीने. त्यानंतर 'दोन आठवडे आधी' असे सांगून गोष्ट मागे नेली जाते. प्रेक्षक पळून जाईल या धास्तीने दारातच त्याचा हात धरल्यासारखे हे वाटते.

आपले अनुभव सांगावेत. शेवटांची चर्चा होणारच आहे, तेव्हा ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी रसभंगाची तयारी ठेवूनच पुढे वाचावे.

मिरचीवडा

आईंना आधी चहा द्यावा, मग मूळ चित्रपट दाखवावा, आणि त्या झोपल्यावर आपण रिमेक पाहावा. धाग्याचा निकाल लागलेला आहे, प्रशासकांनी कुलूप लावण्यास हरकत नाही.

उत्तरवारा

मी नऊ वर्षे स्टॉकहोममध्ये राहते आणि 'लेट द राइट वन इन' ज्या ब्लॅकेबर्ग उपनगरात घडतो, तिथून भुयारी रेल्वेने माझे नेहमी जाणे-येणे असते. १९५० च्या दशकात मेट्रोबरोबर वसलेली ती वस्ती आहे: झाडीत उभ्या असलेल्या, एकसारख्या आणि नीटनेटक्या इमारती. नवा पाहुणा मला हमखास विचारतो, की चित्रपटातले ते अंगण कुठे आहे. त्याला नाराज करावे लागते, कारण पुरेसा बर्फ आणि थंडी मिळावी म्हणून चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण दूर उत्तरेला लुलिओ येथे झाले आहे. उलट फिंचर हा अमेरिकन दिग्दर्शक खऱ्याखुऱ्या स्टॉकहोममध्ये येऊन चित्रीकरण करून गेला. तेव्हा 'अस्सल' हा शब्द जरा जपून वापरावा, अशी विनंती आहे.

एक गोष्ट मात्र कृष्णाकाठ यांच्या बाजूने. फिंचरच्या चित्रपटात स्टॉकहोमची माणसे एकमेकांशी स्वीडिश हेल काढून इंग्रजी बोलतात, आणि त्या नाहीशा झालेल्या मुलीचा शोध घेणाऱ्या पत्रकाराची, मिकाएलची, भूमिका करणारा डॅनिएल क्रेग तेवढा बहुतेक वेळ आपल्या नेहमीच्या इंग्रजीत बोलतो. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना याचे हसू आवरत नाही. कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान कोल्हापुरी हेल काढून एकमेकांशी हिंदीत बोलू लागले तर आपल्याला जसे वाटेल, तसे त्यांना वाटते.

कातरकाम

मी संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझे मत एकांगी असू शकते हे आधीच मान्य करतो. पण 'हॉलिवुडला गप्प बसवत नाही' हे विधान नेमके ज्या चित्रपटावरून हा धागा सुरू झाला, त्यालाच लागू पडत नाही.

लिस्बेथने, म्हणजे शीर्षकातल्या ड्रॅगन गोंदलेल्या मुलीने, लहानपणी आपल्या बापाला पेटवून दिले होते, ही तिच्या आयुष्यातली मध्यवर्ती घटना. नील्स आर्डेन ओप्लेवच्या स्वीडिश चित्रपटात ती आपल्याला प्रत्यक्ष दाखवली जाते: गाडी, पेट्रोल, आगीची काडी, लहान मुलीचा चेहरा. फिंचर यातले काही दाखवत नाही. त्याच्याकडे लिस्बेथ अंथरुणात पडल्या पडल्या मिकाएलला ते सांगते, बाजारातून काय आणले हे सांगावे तशा आवाजात, आणि चित्रपट पुढे सरकतो. आता यातला गप्प कोण आणि बडबड्या कोण, हे आपणच ठरवावे.

स्वीडिश चित्रपटाची घडण मुळात दूरचित्रवाणीशी जोडलेली आहे. या कथामालेच्या तीनही चित्रपटांची लांबवलेली आवृत्ती पुढे सहा भागांची मालिका म्हणून दाखवली गेली. त्याची चौकट आणि उजेड मला अनेक ठिकाणी दिवाणखान्यातल्या पडद्यासाठी बेतल्यासारखे वाटतात. त्यात कमीपणा काही नाही, कथा खणखणीत सांगितली आहे. परंतु 'मूळ म्हणजे कलात्मक आणि रिमेक म्हणजे बाजारू' ही वाटणी इथे टिकत नाही. फिंचरच्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. २ तास ३८ मिनिटांचा चित्रपट, त्यात कितीतरी वेळ माणसे कागद चाळतात, फोटो पाहतात, संगणकासमोर बसतात, आणि तरीही घड्याळाकडे नजर जात नाही.

दोन्ही चित्रपटांतली एकच जागा शेजारी शेजारी लावून पाहावी, असे मी नवख्या मुलांना सांगतो. १९६६ सालच्या मिरवणुकीचे वृत्तपत्रातले जुने फोटो मिकाएलच्या हाती लागतात. तो ते क्रमाने संगणकावर चढवतो आणि एकामागून एक पुढे सरकवतो. गर्दीत मैत्रिणींबरोबर हॅरिएट, ती नाहीशी झालेली मुलगी, उभी आहे, हसते आहे. पुढच्या चित्रात तिची मान वळलेली आहे. त्याच्या पुढच्या चित्रात हसू गेलेले आहे. स्थिर चित्रांतून हालचाल उभी राहते आणि ४० वर्षांपूर्वीची भीती आपल्या डोळ्यांदेखत तिच्या चेहऱ्यावर येते. दोन्ही दिग्दर्शकांनी या जागेवर संवादाचा भार टाकलेला नाही. कथेतली सर्वांत सिनेमासारखी गोष्ट हीच आहे, हे दोघांनाही कळले होते.

जुना वाचक

कातरकाम यांच्याशी बव्हंशी सहमत. मात्र या चर्चेत 'मूळ' हा शब्द चुकीच्या ठिकाणी चिकटवला जातो आहे. मूळ आहे ती स्टीग लार्सनची कादंबरी, जी त्याच्या मृत्यूनंतर २००५ साली प्रसिद्ध झाली. लार्सन अतिउजव्या संघटनांवर नजर ठेवणाऱ्या 'एक्स्पो' या नियतकालिकाचा संपादक होता, आणि त्या उद्योगपतीच्या, म्हणजे हेन्रिक व्हांगरच्या, घराण्यातले नाझी काका त्याने केवळ रंगत वाढवण्यासाठी कथेत आणलेले नाहीत. फिंचरने स्वीडिश चित्रपटाचा रिमेक केला असे म्हणण्यापेक्षा दोघांनी एकाच पुस्तकाची दोन रूपांतरे केली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आणि पुस्तकाशी इमान कोणी राखले, याचे उत्तर सरळ नाही. बायबलमधल्या वचनांचे आकडे ओळखण्याचा प्रसंग पुस्तकात मिकाएलच्या मुलीकडे आहे, फिंचरने तो तिच्याकडेच ठेवला. स्वीडिश चित्रपटाने तो लिस्बेथला दिला. त्यामुळे तिथे लिस्बेथ आपणहून या शोधात शिरते, आणि मला हा बदल पुस्तकापेक्षाही आवडला. शेवट मात्र उलट आहे. हॅरिएट पुस्तकात आणि स्वीडिश चित्रपटात ऑस्ट्रेलियात सापडते; फिंचरने तिला लंडनमध्येच चुलत बहिणीच्या नावाने राहताना दाखवून विमानाचे तिकीट वाचवले.

शीर्षकाबद्दल कोणी बोललेच नाही. स्वीडिश पुस्तकाचे आणि चित्रपटाचे नाव आहे 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत त्याची 'ड्रॅगन गोंदलेली मुलगी' झाली. पहिल्या नावात आरोपी आहे. दुसऱ्यात फक्त बघण्यासारखी एक मुलगी आहे, आणि तीही पंचविशीतली स्त्री असून 'मुलगी'.

शेवंती

जुना वाचक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे अनुमोदन आहे, आणि त्यात एक भर घालते. खुनी मार्टिनच्या मृत्यूचा प्रसंग पाहा. स्वीडिश चित्रपटात त्याची गाडी उलटते, तो आत अडकून मदतीची याचना करतो, आणि लिस्बेथ काहीही न करता उभी राहते. तो जळतो. पुढे मिकाएल तिला सांगतो, की मी असे केले नसते, पण तू का केलेस ते मला समजते. तो निर्णय पूर्णपणे तिचा आहे आणि त्याचे ओझेही तिचेच आहे. फिंचरच्या चित्रपटात ती मार्टिनच्या मागे निघण्यापूर्वी मिकाएलला विचारते, की मी त्याला मारू का? तो मान डोलावतो. पुढे तिला काही करावेच लागत नाही, कारण गाडीचा स्फोट आपोआप होतो. बायकांचा द्वेष करणाऱ्या पुरुषांच्या गोष्टीत बाईने एका पुरुषाची परवानगी मागावी, हे मला आजही खटकते.

तिसरी घंटा

शेवंतीताई, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण त्या ओळीकडे मी थोडे वेगळे पाहतो. फिंचरच्या चित्रपटातली रूनी माराची लिस्बेथ कोणावरही विश्वास न टाकणारी आहे, आणि तो प्रश्न म्हणजे तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी आपल्या रागात भागीदार करून घेणे आहे. म्हणूनच शेवटी मिकाएलसाठी घेतलेले कातडी जाकीट ती कचऱ्यात फेकते तेव्हा पोटात कालवते. स्वीडिश चित्रपटातली नूमी रापासची लिस्बेथ असे जाकीट विकत घ्यायला गेलीच नसती. रापास दगडासारखी आहे, मारा काचेसारखी. दोघींनीही अंगावर खरी भोके पाडून घेतली. फरक आहे तो दोघी खोलीत कशा शिरतात यात. रापास समोरच्याला मोजत शिरते, मारा बाहेर जाण्याची वाट शोधत शिरते.

नाटकवाला म्हणून मला या दोन जोड्यांमधले एक साम्य फार आवडते. आल्फ्रेडसनच्या चित्रपटात पिशाच्चाला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही. फिंचरच्या चित्रपटात स्टेलान स्कार्सगार्डचा मार्टिन दारात उभ्या असलेल्या मिकाएलला 'या ना, थोडे घेऊया' म्हणतो, आणि मिकाएलला धोका दिसत असूनही नाही म्हणवत नाही. पुढे तळघरात त्याला टांगल्यावर मार्टिन हेच त्याला ऐकवतो: दुखापतीच्या भीतीपेक्षा समोरच्याचा अपमान होईल ही भीती माणसाला मोठी वाटते. आणि हे सगळे चालू असताना मागे एन्याचे ते गोड गाणे लावलेले असते. इतकी भयंकर पाहुणचाराची खोली मी दुसरी पाहिलेली नाही.

मिरचीवडा

म्हणजे 'जेवूनच जा' म्हणणाऱ्या आमच्या मावशींकडे आता जपून जावे लागणार.

शेवंती

तिसरी घंटा, जाकिटाचा मुद्दा मान्य. परवानगीचा नाही.

'लेट मी इन'बद्दल मात्र मी रिमेकची बाजू घेणार आहे. मूळ चित्रपट मोठा आहे यात शंकाच नाही, आणि त्यातला जंगलातला प्रसंग मी कधीही विसरणार नाही: मुलीसाठी रक्त गोळा करणारा तो वयस्क माणूस एका तरुणाला झाडाला उलटा टांगतो, आणि एवढ्यात कुठूनतरी एक पांढरा पूडल कुत्रा येऊन समोर बसतो आणि पाहत राहतो. भीती वाटत असताना हसू येते. रिमेकमध्ये हा पूडल नाही, आणि तो नसणे मोठेच नुकसान आहे.

परंतु रीव्हजने त्या माणसाच्या अखेरच्या प्रयत्नासाठी जे रचले आहे ते मुळात कुठेच नाही. तो एका मोटारीत मागच्या बाजूला दडून बसतो, बेत फसतो, गाडी घेऊन पळताना ती रस्त्याखाली कोसळते, आणि कॅमेरा सबंध वेळ मागच्या आसनावर खिळलेला असतो. बाहेरून एकही दृश्य नाही. काचेबाहेरचे जग गोल फिरते आणि आपण आत बसलेले असतो. ज्यांना रिमेक म्हणजे नक्कल वाटते, त्यांनी एवढा एक प्रसंग पाहावा.

शिवाय मूळ चित्रपटातल्या, संगणकावर तयार केलेल्या त्या चवताळलेल्या मांजरी रीव्हजने गाळल्या, याबद्दल त्याचे जाहीर आभार मानले पाहिजेत.

कातरकाम

मांजरींबाबत एकमत.

पोहण्याच्या तलावातला शेवटचा प्रसंग मात्र आल्फ्रेडसनचाच. मुलाचे डोके पाण्याखाली दाबून धरलेले आहे, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यासमोर पाण्यात स्थिर आहे, आणि वर काय चालले आहे ते आपल्याला त्याच्याइतकेच कळते: दबलेले आवाज, पाण्यातून फरफटत गेलेले पाय, मग केसांना धरलेला तो हात तसाच, धडाशिवाय, खाली उतरत जातो. रीव्हजने हाच प्रसंग जास्त तुकड्यांत आणि जास्त गोंगाटात मांडला आणि माझ्या मते तो हातातून घालवला.

रात्रपाळी

मी न्यू जर्सीत इस्पितळात रात्रपाळी करते, त्यामुळे 'इन्सोम्निया' हा माझ्या खास जिव्हाळ्याचा चित्रपट आहे आणि त्याचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे नवल वाटते. १९९७ सालच्या मूळ स्वीडिश चित्रपटात स्कार्सगार्ड आहे आणि २००२ सालच्या ख्रिस्तोफर नोलनच्या रिमेकमध्ये अल् पचिनो.

उत्तरवारा

रात्रपाळीताई, तो चित्रपट नॉर्वेचा आहे. दिग्दर्शक एरिक शोल्बियार्ग नॉर्वेचा, कथा ट्रॉम्सो परिसरात घडते. स्वीडिश आहे तो त्यातला पोलीस, आणि तोही स्वीडनमधून नाव खराब करून आलेला. नॉर्वेच्या माणसासमोर तो चित्रपट स्वीडिश आहे असे कृपया म्हणू नका. मी एकदा म्हटले होते आणि पुढचा अर्धा तास दोन्ही देशांचा इतिहास ऐकला.

रात्रपाळी

दुरुस्तीबद्दल आभार. स्वीडिश पोलीस आहे या वशिल्यावर त्याला धाग्यात बसू द्यावे, कारण कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

दोन्ही चित्रपटांत पोलीस धुक्यात खुन्याचा पाठलाग करताना आपल्याच सहकाऱ्यावर गोळी झाडतो आणि मग ते लपवत जातो. मूळ चित्रपटात ही चूक आहे, आणि चूक लपवणारा माणूस किती घसरू शकतो एवढेच दिसते. नोलनच्या चित्रपटात तो सहकारी चौकशीत त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेला असतो. म्हणजे गोळीला कारण मिळाले. लगेच 'चुकून की मुद्दाम' हा प्रश्न उभा राहिला, आणि पचिनोला तळमळण्यासाठी मोठी जागा मिळाली. पुरावा बनवण्यासाठी लागणारी गोळी मिळवायला दोघेही कुत्र्यावर नेम धरतात. नोलनचा कुत्रा आधीच मेलेला असतो, मूळ चित्रपटातला जिवंत असतो. एवढ्या एका फरकात दोन्ही चित्रपट आले. शेवटी पचिनो मरताना तरुण पोलीस अधिकारी स्त्रीला पुरावा पाण्यात फेकू देत नाही आणि तिला सरळ वाटेवर ठेवून डोळे मिटतो. स्कार्सगार्डला मरणही मिळत नाही आणि झोपही. त्या स्त्रीला सगळे कळलेले असते, ती काडतुसाचे कोष त्याच्यापुढे ठेवते आणि तो गाडी घेऊन निघून जातो.

सहा रात्री सलग काम केल्यावर सकाळच्या उन्हात खिडकीला जाड पडदे लावून पडलेल्या माणसाला यातला कोणता शेवट खरा वाटतो, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरी घंटा

याच जातीचा आणखी एक दाखला. 'द गिल्टी' हा २०१८ सालचा चित्रपट डेन्मार्कचा, पण दिग्दर्शक गुस्ताव म्योलर जन्माने स्वीडिश, त्यामुळे त्याच वशिल्यावर तोही आत येतो. आपत्कालीन दूरध्वनी कक्षात बसलेला एक पोलीस, कानाला यंत्र, आणि बाकी सगळी गोष्ट फक्त ऐकू येते. मूळ चित्रपटात त्या घरातले तान्हे बाळ मेलेले असते आणि मेलेलेच राहते. २०२१ सालच्या अमेरिकन रिमेकमध्ये शेवटी बातमी येते, की बाळ अतिदक्षता विभागात आहे आणि जिवंत आहे. कुत्रा वाचवतात, बाळ वाचवतात. आपण उगाच त्यांना निर्दयी म्हणतो.

उत्तरवारा

कारण देण्याची ही खोड प्रत्येक वेळी वाईटच ठरते असे नाही. 'द ब्रिज' ही मालिका आहे, चित्रपट नाही, तरी सांगते. मूळ मालिकेत डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर बरोबर सीमारेषेवर प्रेत सापडते, आणि उचलताना कळते की ते दोन वेगवेगळ्या स्त्रियांचे दोन अर्धे भाग आहेत. मी त्या पुलावरून अनेकदा रेल्वेने गेले आहे. डबा गडगडत असतो, खाली समुद्र असतो, आणि आपण दुसऱ्या देशात गेलो हे बहुधा मोबाइलवर आलेल्या संदेशावरून कळते. म्हणून मूळ मालिकेतली सीमा ही मुख्यतः दोन स्वभावांमधली आहे: कामाला जुंपलेली, शिष्टाचार न कळणारी स्वीडिश सागा आणि गप्पिष्ट डॅनिश मार्टिन. २०१३ साली अमेरिकनांनी तेच प्रेत एल पासो आणि हुआरेझ यांच्या मधल्या पुलावर ठेवले, आणि तिथे वरच्या अर्ध्या भागाला मिळणारा न्याय आणि खालच्या अर्ध्या भागाची बेपर्वाई हा कथेचा खरा विषय होऊन बसला. पुढे ती मालिका दोन पर्वांतच संपली, मूळ मालिका चार पर्वे चालली; पण पहिला भाग मला अमेरिकन आवृत्तीचाच जास्त अर्थपूर्ण वाटतो.

जुना वाचक

असे स्थलांतर हॉलिवुडने फार पूर्वीही केले आहे. श्योवाल आणि वालो या स्वीडिश लेखक जोडीच्या 'द लाफिंग पोलिसमन' या कादंबरीतली स्टॉकहोमची बस १९७३ सालच्या अमेरिकन चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर आली. कादंबरीत बसमधल्या हत्याकांडाबरोबर स्वीडनच्या कल्याणकारी राज्यावर केलेली टीका होती, ती चित्रपटात राहिली नाही. बस पोचली, उतारू उतरून गेले.

शेवंती

धाग्यातल्या तरुण सदस्यांना कदाचित ठाऊक नसेल, की फिंचरचा चित्रपट आपल्याकडे चित्रपटगृहात लागलाच नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये लागणार होता. सेन्सॉर मंडळाने काही दृश्ये कापायला सांगितली, फिंचरने नकार दिला आणि वितरकांनी प्रदर्शन रद्द केले. आम्ही चार मैत्रिणींनी त्या शनिवारी रजा टाकली होती. शेवटी चौघींनी मिळून एकीच्या घरी डीव्हीडीवर स्वीडिश चित्रपट पाहिला आणि रिमेक मला त्यानंतर दोन वर्षांनी मिळाला. तेव्हा 'आधी कोणता' हा प्रश्न माझ्यापुरता सेन्सॉर मंडळाने सोडवला होता.

कातरकाम

कृष्णाकाठ, तुमचा मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे. शेजारी बसून मराठीत सांगायचे असेल तर स्वीडिश चित्रपट लावा, असे माझे व्यावहारिक मत आहे. फिंचरच्या चित्रपटात संवाद भराभर आणि एकमेकांवर चढून येतात. एक वाक्य आईंना सांगेपर्यंत दोन निघून जातील. ओप्लेवचा चित्रपट श्वास घ्यायला जागा देतो.

उत्तरवारा

आणि सांगताना लिस्बेथकडून सर्वांना खुशाल 'तू' म्हणवा. स्वीडिशमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात, अगदी साहेबांनाही. तुम्ही 'अहो हेन्रिककाका' सुरू केलेत तर सगळे व्हांगर घराणे थेट सदाशिव पेठेत येईल.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री आईला स्वीडिश चित्रपट दाखवला, म्हणून इतिवृत्त देतो.

लिस्बेथच्या कायदेशीर पालकाच्या, त्या वकिलाच्या घरातला प्रसंग येणार हे ठाऊक असल्यामुळे रिमोट हातात धरूनच बसलो होतो आणि तो प्रसंग मी पुढे पळवला. आईने विचारले, "का पळवलंस?" मी म्हणालो, की ते बघवणार नाही. ती म्हणाली, "काय झालं असेल ते कळलं मला. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत होते मी. पण पळवलंस तर ती पुढे त्याच्याशी अशी का वागते ते नीट कसं कळणार?" मी मागे नेले नाही. पण तिच्या पुढच्या दहा प्रश्नांवरून माझ्या लक्षात आले, की तिचे म्हणणे बरोबर होते.

उत्तरवारा यांच्या सल्ल्याप्रमाणे सगळ्यांना 'तू' म्हणवले. मिरवणुकीच्या फोटोंपाशी मी सवयीने सांगायला तोंड उघडले, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवले. तीन-चार फोटो गेल्यावर स्वतःशीच म्हणाली, "ही रस्त्यापलीकडे कोणाकडे तरी बघते आहे." मिकाएलला ते कळायच्या आधी. आणि मग: "समोरच्या बाजूने कोणी फोटो काढला असेल तर तो माणूस सापडेल." मी इतक्या वेळा हा चित्रपट पाहिला आहे, पण पहिल्या वेळी मला हे सुचले नव्हते.

मार्टिन जळाला तेव्हा ती काही बोलली नाही.

शेवंती

आईंना माझा नमस्कार सांगा. रिमेक दाखवणार आहात की नाही?

कृष्णाकाठ

आधी ती नको म्हणाली, कारण खुनी कोण ते कळल्यावर तीच गोष्ट परत कशाला बघायची, असा तिचा वाचनालयातला नियम आहे. आज सकाळी मात्र भाजी निवडताना तिने विचारले, की त्या दुसऱ्या मुलीने हे काम कसे केले आहे. रविवारी फिंचरचा चित्रपट लावतो आहे. यावेळी रिमोट तिच्याकडे असेल, आणि एन्याचे गाणे सुरू झाले की चहा टाकायला मी उठणार आहे.

मिरचीवडा

पहिल्याच प्रतिसादात मी चहा सांगितला होता, याची कृपया नोंद घ्यावी.